टिकली न लावलेला कोपरा

सिल्वासा
रविवार, ८ डिसेंबर १९९६

प्रिय अभिजीत,

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं आणि आईनं पाकिटावरचं अक्षर ओळखून ते देवापुढे ठेवून दिलं. मला संध्याकाळी दिवा लावताना सापडलं. म्हातारी अजून कसल्या आशेवर आहे देव जाणे. तुझ्या लग्नाची पत्रिकाही तिनं तिथंच ठेवली होती, तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस. पत्रात तू जे लिहिलंयस त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी इथं काय झालं ते सगळं नीट ऐक. मध्येच उठून पळायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून फोन न करता लिहितेय. कागदापुढून कुठे पळशील?

टाकी पडली हे मी दिवाळीनंतर कार्डावर कळवलं होतं. कशी पडली ते कार्डावर मावत नव्हतं. शेठची राखोलीला प्लास्टिकची दुसरी फॅक्टरी आहे ना, तिथं आपल्या ऑफिसनं डिझाइन केलेली नव्या पद्धतीची पहिली टाकी उभी होती. चार पायांवरची, आत प्लास्टिकचा दाणा, खाली झडप. सकाळी भरायची आणि संध्याकाळपर्यंत रिकामी व्हायची. दीड-पावणेदोन वर्षं तिनं काही कुरकुर केली नाही. नवरात्रात एका दुपारी भिका झडप उघडायला तिच्याखाली गेला आणि एका पायाच्या वरचा पत्रा फाटला. टाकी त्या अंगाला बसली. भिका आठवतो ना? साक्रीकडचा, आधी सायली गावातल्या आपल्या पत्राकामाच्या शॉपमध्ये हेल्पर होता, तुझी स्कूटर सुरू होईना की दोन किकमध्ये सुरू करून द्यायचा आणि वर तुलाच लाजल्यासारखा हसायचा. त्याच्या अंगावरून टाकी उचलायला क्रेन वापीहून यावी लागली. ती येईपर्यंत तो बोलत होता म्हणे. मी पोचले तेव्हा बोलत नव्हता.

गेलेला माणूस परत येत नाही, हे मला कुणी समजावायला नको. माझा जीव टांगणीला लागलाय तो बाकीच्या टाक्यांसाठी. त्याच डिझाइनच्या आणखी पाच टाक्या आपण विकल्यात. दोन वापीला, एक भिलाडला, एक उंबरगावला, एक अंकलेश्वरला. तोच पत्रा, तोच कोपरा. त्याही रोज भरतात, रोज रिकाम्या होतात. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की कधीतरी तुटते ना, तसं तिथं चाललंय. मी हे लिहितेय तेव्हा त्यांच्याखाली कुणीतरी उभं असेल. उंबरगावला तर टाकीखाली बायका बसून गोणी शिवतात. त्या टाक्या पडायच्या आत त्यांचे कोपरे मजबूत व्हायला हवेत. दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. जेवताना नाही, झोपताना नाही.

इन्क्वायरीसाठी जे साहेब आले ते भले गृहस्थ. बॉयलर आणि लिफ्ट तपासण्यात जन्म गेलेला, संगणक म्हटलं की खुर्ची मागे सरकवणारे. त्यांना मला सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. मी म्हटलं, साहेब, टाकी टिकेल की नाही हे आख्ख्या टाकीवर एकदम काढता येत नाही. म्हणून संगणकात तिच्यावर जाळी टाकतात. सगळ्या पत्र्याचे हजारो बारके त्रिकोण करायचे आणि एकेका त्रिकोणावर किती ताण येतो ते काढायचं. त्रिकोण अंगानं भरलेला असला तर उत्तर बरोबर येतं. सुईसारखा निमुळता किंवा चेपलेला असला की उत्तर चुकतं, आणि कडेकोपऱ्याला असे चेपलेले हमखास निघतात. ते हुडकायचे, त्यांची टोकं जरा इकडे जरा तिकडे सरकवायची आणि त्यांना माणसात आणायचं, ही माझी नोकरी. साहेबांनी चष्मा काढून विचारलं की म्हणजे बाई, तुम्ही दिवसभर त्रिकोण सरळ करत बसायच्या? म्हटलं, हो, आणि त्याचा मला पगार मिळायचा. हसले बिचारे. त्यानंतर आम्ही दोघंही हसलो नाही.

त्यांना हे सांगताना मला सारखी ती खोली दिसत होती. आख्ख्या फॅक्टरीत एसी तेवढ्याच खोलीला, तोही माणसांसाठी नाही, यंत्रासाठी. दारात चपला काढायच्या. तू पुण्याहून नव्वद साली आलास तेव्हा बुटांसकट आत शिरलास आणि मी तुझ्यावर खेकसले, तीच आपली ओळख. मी वलसाडची साधी डिप्लोमावाली, प्राथमिक मास्तरांची मुलगी. तू डिग्रीवाला, तुझी शर्टाला पेन लावायची ऐट काय विचारता! मी त्रिकोण सुधारायला बसले की संगणकाच्या काचेवर टिकल्या चिकटवायची ते बघून तू पहिल्या दिवशी केवढा हसलास. संगणकाचं हळदीकुंकू आहे का, असं सगळ्या शॉपला विचारत फिरलास. पण माझं बरोबर होतं. टाकीची खरी कड, खरा कोपरा जिथं आहे तिथला बिंदू सरकवला तर टाकीचा आकारच बदलतो. नुसत्या डोळ्यांनी ते ध्यानात राहत नाही. म्हणून पर्समधलं पाकीट काढायचं आणि त्या जागी टिकली लावायची. टिकलीवाल्याला हात लावायचा नाही. चित्र मोठं केलं की सगळ्या उपटायच्या, पुन्हा लावायच्या. महिनाभरात तूच माझ्याकडे टिकल्या मागायला लागलास, आणि मॅचिंग रंगाच्या कशाला हव्यात विचारलं तर म्हणालास की यंत्राला शोभायला नकोत का.

मग तू तो प्रोग्रॅम लिहायला घेतलास. माझी दया आली म्हणून, असं तू सांगायचास. दया कसली डोंबलाची, तुला कंटाळा आला होता. वाईट त्रिकोण प्रोग्रॅमनंच शोधायचा, त्याचं टोक शेजाऱ्यांच्या मधोमध ओढायचं, नाही जमलं तर दोन त्रिकोणांमधली रेघ इकडची तिकडे फिरवायची, पुन्हा तपासायचं, पुन्हा ओढायचं, सगळी जाळी सारखी होईपर्यंत. शॉपमधली पोरं त्याला इस्त्री म्हणायला लागली. टिकल्या तू तशाच ठेवल्यास, फक्त काचेवर लावायच्या ऐवजी मी त्या बिंदूंचे नंबर टाइप करून द्यायचे, आणि प्रोग्रॅममध्येही त्याला टिकली हेच नाव. पहिल्यांदा तो नीट चालला तेव्हा माझं आठवड्याचं काम चहा येईपर्यंत झालं. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःचीच नोकरी जाताना बघून टाळ्या वाजवणारी बाई तू दुसरी बघितली नसशील. पण तेव्हा माझी अक्कल तुझ्याकडे गहाण पडली होती.

त्या दिवसांचं जास्त लिहीत नाही. दुधनीला पाण्याच्या काठी आपण भाजलेली मक्याची कणसं खायचो, आणि तू पाण्याकडे न बघता वाळूत त्रिकोण काढत बसायचास, एवढं लिहिलं तरी पुरे. तू म्हणालास पुण्याला चल. बाबांना लकवा झाला, मी येऊ शकले नाही, तू थांबला नाहीस. एवढंच घडलं. याच्यात कुणी खलनायक नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा समजावलंय की आता पाठ झालंय. राग आहे का विचारशील तर आहे. तुझ्यावर थोडा, बाबांवरही थोडा, आणि ते गेल्यापासून कुणावर काढायचा ते कळत नाही.

तू जायच्या आधी शेठनं तुझ्याकडून शेवटचं काम करून घेतलं. त्याला टिकल्या खुपायच्या. माझा अर्धा दिवस त्यात जातो आणि वर टाक्या घेणाऱ्या पार्ट्यांना सांगता येत नाही की सगळं आपोआप होतं. म्हणून तू प्रोग्रॅमला कोपरे ओळखायला शिकवलंस. कड अमुक कोनापेक्षा जास्त वळली की तो कोपरा, प्रोग्रॅम स्वतःच तिथं टिकली लावणार. त्याहून कमी वळली की कोपरा नाही, खुशाल सरकवा. मी तुला विचारलं होतं, कमी वळणाचा कोपरा आला तर? तू म्हणालास, असा कोपरा आपल्याकडे येतो कुठे. तेव्हा येत नव्हता, खरंच. तू गेल्यावर वर्षभरानं टाकीच्या पायांचं डिझाइन बदललं, पाय बाहेरच्या बाजूला फाकवले, आणि पाय टाकीला मिळतात तिथला कोपरा नेमका जरासा उघडला, म्हणजे त्याचं वळण तुझ्या कोनाहून कमी झालं. कोणाच्या लक्षात येणार? मला तोवर नुसतं बटण दाबायला ठेवलं होतं. नंबर टाइप करायला बसले की मॅनेजर म्हणायचा, बाई, आता त्याची गरज नाही. छापून आलेलं चित्र निळं असलं की ताण कमी, लाल असलं की धोका. माझ्यापुढे सगळी चित्रं निळीशार यायची आणि मी 'तपासलं' म्हणून सही करायची. इतकं निळं बघून शेठ खूश झाला आणि त्यानं पत्रा आणखी पातळ केला.

भिका गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्या टाकीची छापलेली जाळी आणि शॉपचं ड्रॉइंग घेतलं आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलं. सगळं रेघेला रेघ जुळलं. तेवढा कोपरा जुळेना. ड्रॉइंगमध्ये टोकदार, जाळीत गोल. इस्त्रीनं तिथले चेपलेले त्रिकोण बघितले आणि ते सुधारण्यासाठी कोपराच आत ओढून गुळगुळीत केला. अरे, ते त्रिकोण वेडेवाकडे होते कारण ती जागाच वाईट होती! सगळा ताण तिथं गोळा होणार होता. संगणकानं तपासली ती गोल कोपऱ्याची टाकी, आणि शॉपमध्ये कापली ती टोकदार कोपऱ्याची. तशी गोल टाकी या जगात कुठे उभीच नाही. मग मी बाकीची पाच ड्रॉइंग काढली आणि एकेक काचेवर धरत गेले. पाचही तशीच. तुझ्या पुण्याच्या कंपनीत हाच प्रोग्रॅम नाव बदलून विकायला ठेवलाय असं ऐकते. त्यात अजून तो कोन असेल तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तो काढ. कडेच्या बिंदूला माणसानं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं लिही. माझ्यासाठी नाही, कुणासाठीही नाही, नुसतं लिही.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐकून तुला मी वेडी वाटेन. इन्क्वायरीच्या साहेबांपुढे दोन्ही कागद धरले. त्यांनी नीट बघितले, त्यांना कळलंही. मग म्हणाले, बाई, राखोलीची टाकी माझी, बाकीच्या पाच गुजरातेत, तिथं माझं काही चालत नाही. आपण पडलो केंद्रशासित! नाका ओलांडला की राज्य दुसरं, साहेब दुसरे. माझ्या रिपोर्टात लिहीन, तो वर जाईल, वरून तिकडे जाईल, वर्ष तरी लागेल, असं म्हणून त्यांनी मला पाणी दिलं. मी रजा टाकून नाक्यापलीकडच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसानं विचारलं, टाकी पडली का? नाही म्हटलं. मग पडल्यावर या, म्हणाला, आणि तो काही चेष्टा करत नव्हता. एसटीडी बूथवरून पाचही पार्ट्यांना फोन केले. त्यांनी शेठला विचारलं, शेठनं सांगितलं की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिच्या ओळखीचा माणूस गेला ना. अंकलेश्वरवाल्यानं तर माझा आवाज ऐकून दुसऱ्यांदा फोनच ठेवून दिला.

शेठच्या केबिनमध्ये मी तीनदा गेले. तो ओरडत नाही, ते तुला माहीत आहे, ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा मागवतो आणि म्हणतो, भूल माणसनी होय बेन, मशीननी नहीं. आपल्या प्रत्येक माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय की इथं डिझाइन संगणक करतो. मशीन चुकलं असं तोंडातून निघालं की आजवरच्या सगळ्या पार्ट्या माल घेऊन दारात उभ्या राहतील, चांगल्या टाक्यांच्यासुद्धा. शॉप बंद पडेल. धुळ्या-नंदुरबारची दीडशे माणसं बोचकी उचलून परत जातील. हे तो धमकी म्हणून सांगत नव्हता, आणि ते खोटंही नव्हतं. मी तिथं बसून रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

सरुबाईकडे मी रोज संध्याकाळी जायची. भिकाची बायको. तू तिला बघितलं नाहीस, तुझ्या नंतर तो तिला गावाहून घेऊन आला. सायलीच्या चाळीत एका खोलीत राहते, घाटाच्या अलीकडे नातेवाईक म्हणून कुणी नाही. मी डब्यात भाजी न्यायची आणि तिथं बसायची. ती मला एकच विचारायची, अगदी शांतपणे: टाकी का बरं पडनी, ताई? ती काही भांडत नव्हती, तिला फक्त कळून घ्यायचं होतं. मी तिला त्रिकोणांचं काय सांगणार? पत्रा कमजोर होता, म्हणायची. मग ती विचारायची, मग तो कुणी तपासला नाही का? आणि मी डब्याचं झाकण लावत बसायची.

शेवटी शेठच्याच वाक्यातून मला वाट सापडली. तिसऱ्या खेपेला त्यानं पुन्हा तेच म्हटलं, भूल माणसनी होय, आणि मी म्हटलं, बरं, माणसाची तर माणसाची. माझी म्हणा. टिकल्या लावायच्या होत्या, मी लावल्या नाहीत, या सहा टाक्यांत मी विसरले, असं मी इन्क्वायरीत सांगते. मशीन चांगलं, एक बाई बेफिकीर. मग तुम्हाला पार्ट्यांना स्वतः फोन करता येईल की आमच्याकडच्या एका बाईनं घोळ घातला, तिला काढलं, आणि तुमच्या टाकीचे कोपरे आम्ही फुकट मजबूत करून देतो. तुमचं नाव उलट वाढेल. अभिजीत, त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या धंद्यातली आहे. मला जन्मात कुणी एवढ्या आदरानं बघितलं नसेल. त्याच दिवशी त्यानं फोन केले. नथूला तू ओळखतोस, दुधनीचा वेल्डर. त्याला माणसं देऊन पाठवलं. भिलाडला त्यानं कोपऱ्यावरचा रंग खरवडला तर खाली केसाएवढी चीर, बोटभर लांब. परत आल्यावर त्यानं मला बोट दाखवलं आणि दुसऱ्या हातानं त्यावर रेघ ओढून दाखवली. त्यावर आता जाड पत्रा बसलाय. वापीच्या दोन्हींनाही बसलाय. उंबरगाव आणि अंकलेश्वर राहिलेत. ते शेठनं मुद्दाम राखून ठेवलेत. आधी बयान, मग उरलेल्या दोन. तो धंदेवाला आहे, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. बयान अठरा तारखेला, बुधवारी.

वकील म्हणतो, केस होईल, पण बहुधा तुरुंगापर्यंत जाणार नाही. 'बहुधा' म्हणताना त्यानं खिडकीबाहेर बघितलं. नोकरी गेलीच आहे, फक्त कागद हातात यायचाय. वापी काय, दमण काय, या पट्ट्यात मला आता कुणी ड्रॉइंग बोर्डाजवळ उभं करणार नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. आईला मी सांगितलंय की कंपनी कमी माणसं ठेवतेय. तिनं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. संध्याकाळी जेवताना तिनं मला न विचारता माझ्या ताटात आणखी आमटी वाढली.

हे सगळं मी गिळलं असतं. पण शेठच्या माणसानं सरुबाईला जाऊन सांगितलं की चूक माझी. लपून थोडंच राहणार होतं, इन्क्वायरीत तिला बोलावणारच आहेत. मी शुक्रवारी नेहमीसारखी डबा घेऊन गेले. तिनं डबा घेतला, आत गेली, मला भांडी घासल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं डबा माझ्या हातात दिला. स्वच्छ घासलेला, कोरडा पुसलेला, रिकामा. कुणाचा डबा कधी रिकामा परत देत नाहीत रे. तिच्या घरात काही नसायचं तेव्हासुद्धा ती चिमूटभर साखर घालून द्यायची. शिवी दिली असती, केस धरले असते तर मी तिथं बसून मार खाल्ला असता. तिनं दार लावून घेतलं. मी घरी चालत आले, आणि रस्ताभर माझ्या तोंडून निघत होतं की मी नाही केलं, सरुबाई, मी नाही केलं. आजूबाजूची माणसं बघत होती. मग बघू देत.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी दोष अंगावर घेतेय आणि बयान कधी, हे तुला नथूनं कळवलं, आणि कोनाचं तू स्वतःच ओळखलंस. तू लिहिलंयस की मंगळवारी सतराला संध्याकाळी वापीला उतरतो, बुधवारी इन्क्वायरीत उभा राहतो आणि सांगतो की चूक प्रोग्रॅमची, कोन मी ठरवला होता, रजनीचा काही दोष नाही. वाचून मी पत्र छातीशी धरलं. तू पळणारा आहेस असं मी सगळ्या जगाला सांगत आलेय, आणि तू एवढं करायला निघालास. चार वर्षं मी वाट बघितली, लाज न बाळगता सांगते, तुझ्या लग्नानंतरही बघितली. पण अभिजीत, येऊ नकोस. तू खरं बोललास की शेठ नथूला परत बोलावेल, वकील लावेल, तारखा पडत राहतील, आणि त्या दोन टाक्या तशाच भरत आणि रिकाम्या होत राहतील. नंतर वर्षा-दोन वर्षांनी तुला कुणाला खरं सांगावंसं वाटलं तर सांग, तेव्हा कुणी विचारायला येणार नाही. पत्र पाठवू नकोस, तार करू नकोस, सरुबाईला तर काहीच कळवू नकोस. तू म्हणशील, मी मागच्या बाकावर नुसता बसतो, तुला धीर म्हणून. तसाही बसू नकोस. त्या साहेबांपुढे उभं राहून, सरुबाईकडे बघून, मी विसरले असं मला म्हणायचंय. सरुबाईपुढे मी ते म्हणेन, मी ठरवलंय, आरशापुढे म्हणून बघितलंय. पण तू तिथं असलास तर माझ्या तोंडून खरं निघेल. तुझ्यासमोर मला कधी खोटं बोलता आलं नाही.

तुझीच, या जन्मापुरती तरी,
रजनी